हवेतला तास

आमच्या ताडकळसला अंतर कोणी किलोमीटरात सांगत नाही. पूर्णा किती लांब? अर्धा तास. परभणी? एसटी वेळेत आली तर एक तास, नाही आली तर तुमचं नशीब. त्यामुळे माझ्या मंजुषाताईला झारसुगुड्याचं स्थळ आलं, तेव्हा आईनं विचारलं ते एवढंच, "किती तासाचं गाव हाय?"

स्थळ आणलं होतं तात्याराव मामांनी. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, मानवतला जिनिंगवर कामाला. कापसाचे भाव आणि लग्नाची मुलं, दोन्ही त्यांना झोपेतसुद्धा पाठ. मुलगा चारठाण्याचा, नाव हरिओम. नोकरी ओडिशातल्या झारसुगुड्याला, वीज तयार करायच्या कारखान्यात. पगार चांगला, राहायला क्वार्टर, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. सगळं पसंत. फक्त ते गाव नेमकं कुठं आहे हे आमच्या घरात कोणाला सांगता येईना.

"तात्या, माझी एकच अट हाय," आई म्हणाली. "सकाळी निरोप धाडला तर लेक दिवस मावळायच्या आत दारात पायजे."

मामांनी लगेच फोन काढला, अंगठ्यानं काहीतरी दाबलं आणि फोन आईपुढं धरला. "हे बग अक्का. नांदेडचं विमानतळ ते झारसुगुड्याचं विमानतळ. दीड तास! तुला मानवतला माझ्याकडं यायला यापेक्षा जास्त लागतो की."

फोन सगळ्यांच्या हातून फिरला. पप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिला. शेजारच्या कस्तुराकाकूंनी उलटा धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ब्येस हाय." दीड तासावर लेक द्यायला कोणाची काय हरकत असणार? सुपारी फुटली.

मी तेव्हा आठवीत होते आणि चार माणसांत तोंड उघडत नव्हते. उघडलं असतं तरी काय सांगणार होते म्हणा, मलाही ते खरंच वाटलं होतं. नंतर कळलं की इंटरनेटवरची तसली पानं नकाशावर दोन ठिकाणांमध्ये नुसती दोरी ताणतात आणि त्या दोरीवरून विमान गेलं तर किती वेळ लागेल तेवढं सांगतात. विमान आहे का, हे त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. आणि नांदेडहून झारसुगुड्याला विमान नव्हतं.

पहिल्या दिवाळीला ताई आणि दाजी आले ते रेल्वेनं. दोन गाड्या, नागपूरला बदली, सगळा दिवस आणि सगळी रात्र, वर दुसरा दिवस अर्धा. ताई ओट्यावर बसली ती पाय धरूनच. आईनं तिच्या पायावर कढत पाणी घातलं आणि मामांच्या फोटोकडं बघून म्हणाली, "दीड तास व्हय रं?" मामा त्यानंतर तीन महिने आमच्याकडं फिरकले नाहीत. फिरकले तेव्हा बालुशाहीचा पुडा पुढं आणि मामा मागं.

यंदा मी दहावीची परीक्षा दिली. सव्वीस जानेवारीला शाळेच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मी केलं, तेव्हापासून माझा आवाज काही खाली बसलेला नाही. माईक हातात आला, पहिलं वाक्य बाहेर पडलं आणि सगळं मैदान गप्प झालं. माझ्यामुळं! आता बँकेत, दवाखान्यात, एसटीच्या खिडकीवर, कुठंही बोलायचं असलं की घरचे मलाच पुढं करतात.

म्हणून ताईला सातवा महिना लागला तेव्हा विमानाचं सगळं मीच शोधलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे, आणि तिथल्या डॉक्टरबाईंनी लांबचा रेल्वेप्रवास करू नका म्हणून सांगितलेलं. मी तीन दिवस पप्पांच्या फोनला चिकटून होते. झारसुगुड्याहून हैदराबाद, तिथं विमान बदलायचं, हैदराबादहून नांदेड. पहिलं विमान रोज नसतं, पण असतं त्या दिवशी सकाळी बसलेली लेक दिवस मावळायच्या आत ताडकळसला! आईची अट दोन वर्षांनी का होईना, पूर्ण होणार होती.

आमच्याकडं लेक एकटी माहेरी येत नाही. तिला आणायला मुऱ्हाळी जावा लागतो, बहुतेक भाऊच. आम्हाला भाऊ नाही. पप्पांचं एसटी स्टँडजवळ शिलाईचं दुकान, लगीनसराई तोंडावर. मग मामा म्हणाले, मी जातो, आणि मी म्हणाले, मीबी. घरात कोणी काही बोलायच्या आत ताईच फोनवरून म्हणाली, "पिंकीला धाडाच. ती असली की वाट सरती."

तिकिटं निघाली. गल्लीत मी विमानवाली झाले. कस्तुराकाकू रोज भिंतीवरून मान काढून विचारायच्या, "पिंके, हैदराबाद ते नांदेड किती म्हणलीस?"

"हवेत एक तास, काकू. मंग जीपनं अजून तास-दीड तास."

"हवेत तास," त्या स्वतःशीच म्हणायच्या. "आन् लघवीला लागली तर?"

आईनं तोवर पप्पांच्या दुकानातल्या चिंध्या आणि ताईचे लहानपणचे फ्रॉक काढून एक दुपटं शिवायला घेतलं होतं. मधोमध हिरव्या ठिपक्यांचा फ्रॉक, भोवती लाल काठ. त्याच कापडाची कुंचीसुद्धा, बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची. आईचा टाका असा की मुंग्या रांगेनं चालल्यात वाटावं.

आम्ही रविवारी निघणार होतो. गुरुवारी दाजींचा फोन आला. ताईला वेळेआधीच कळा सुरू झाल्या होत्या. बाळ आलं, मुलगी होती. पण रडली नाही.

आई ऐकून भुईवर बसली. मग उठून म्हणाली, "मी जाते." पण तिला जायचं कसं ते माहीत नव्हतं, आणि रेल्वेनं पोचायला दीड दिवस. ती चप्पल घालून अंगणात उभीच राहिली. पप्पांनी तिला हाताला धरून आत आणलं. सांजच्याला दाजींनी ताईला फोन दिला. ताई रडत नव्हती. तेच फार वाईट होतं.

"आई, तू नको येऊस. मीच येते," ती म्हणाली. "पिंकीला न् मामाला येऊ दे ठरल्यासारखं. डॉक्टरबाई म्हणतील तवा."

तिकिटं तीच राहिली. फक्त तारीख तीन आठवडे पुढं सरकवली.

तेवढ्या दिवसांत आईनं डिंकाचे लाडू केले. कस्तुराकाकू दबकतच म्हणाल्या, "गीते, आता कशाला गं?" आई डिंक तळता तळता म्हणाली, "बाळ न्हाई. बाळंतीण तर हाय ना?" काकू पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

मी विमानात पहिल्यांदा बसले ती अशी. खरं सांगू? नांदेडच्या विमानतळावर माझं काळीज नाचत होतं आणि मला त्याची लाज वाटत होती, दोन्ही एकदमच. मामांच्या सदऱ्याच्या खिशात अडकित्ता निघाला. तपासणीवाल्या बाईंनी तो काढून घेतला. "लग्नातला हाय हो ताई," मामा हात जोडून म्हणाले, "ह्यानं विमान कापलं जातंय व्हय?" बाई हसल्या, पण अडकित्ता दिला नाही. मामा खिडकीपाशी बसले ते डोळे मिटूनच. मी मात्र सगळं पाहिलं. गोदावरी अशी दिसली जशी आईनं कापडावर खडूनं रेघ ओढावी. आणि लगेच वाटलं, हे ताईला सांगायचं. मग आठवलं, आपण कशाला चाललोय.

झारसुगुड्याच्या क्वार्टरमध्ये दाजींनी चहा केला. साखर दोनदा टाकली. त्यांचे डोळे सुजलेले होते आणि शर्टाची बटणं वरखाली लागली होती. ताई भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी पलंगावर बसले तसा तिनं मागं न वळताच माझा हात धरला.

"पिंके, बोल कायतरी."

मग मी बोलत सुटले. अडकित्ता, मामांचे मिटलेले डोळे, विमानातलं वाफाळतं उपीट, हैदराबादचा सरकता जिना आणि त्यावर चढायच्या आधी मामांनी त्याला केलेला नमस्कार. ताईची पाठ थोडी हलली. हसली की काय ते कळलं नाही. मी तिला आईचा लाडू दिला. तिनं तो हातात धरला आणि विचारलं, "आता केला का बाळ यायच्या आधीचाच हाय?"

"आता केला. तुझ्यासाठी."

तिनं तो सगळा खाल्ला. एक कणसुद्धा सांडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. दाजींना सुट्टी नव्हती. ते विमानतळाच्या दारापर्यंत आले, ताईच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि वळले. पहिल्या विमानात ताई झोपली. हैदराबादला बदललं. दुसऱ्या विमानात मी तिला खिडकी दिली. वर गेल्यावर ढग खाली राहिले आणि सगळीकडं ऊनच ऊन झालं. ताई बराच वेळ बाहेर बघत होती.

"अजून किती गं?"

"हवेत तास. त्यातला अर्धा गेला."

"जरा हळू जा म्हणावं त्यांना."

मला वाटलं तिला भीती वाटतेय. "काई होत न्हाई ताई, उतरताना कान दुखतात फक्त."

"तसं न्हाई." तिनं माझ्याकडं पाहिलं. "खाली गेलं की सगळ्या जमल्या असतील. कस्तुराकाकू, माळीनबाई, समद्या. गळ्यात पडतील. मला न्हाई जमणार पिंके. त्या रडतात ते नाव घेऊन रडतात. तिचं नावच न्हाई ठेवलेलं. काय म्हणून रडतील?"

आमच्याकडं दुःख झालेली लेक आली की गल्लीतल्या बाया दारात जमतात, एकेक करून गळ्यात पडतात आणि हेल काढून रडतात. त्यात खोटं काही नसतं. कस्तुराकाकू तर पाठीवर हात असे ठेवतात की रडणाऱ्याचा अर्धा भार त्यांच्या अंगावर यावा. पण ताई तेवढंसुद्धा अंगावर घ्यायच्या अवस्थेत नव्हती. मामा डोळे मिटूनच म्हणाले, "पोरी, रीत हाय ती. बाया आल्या न्हाईत तर गाव नावं ठेवल."

"मला फक्त आई पायजे," ताई म्हणाली. "थोडा वेळ. नुसती आई."

विमान वाकडं झालं आणि खाली नांदेड दिसायला लागलं. मला पहिल्यांदाच वाटलं की हा तास फार छोटा आहे.

कस्तुराकाकूंना मीच सांगितलेलं होतं ना सगळं. किती वाजता उतरणार, किती वाजता पोचणार. आख्ख्या गल्लीला माझी वेळ पाठ होती.

बाहेर पप्पा जीप घेऊन उभे होते. त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथंच ठेवून उभे राहिले. मी चार पावलं बाजूला गेले आणि आईला फोन लावला. उचलला कस्तुराकाकूंनी.

"आलं का गं लेकरू? आमी समद्या दारातच बसलोत बग. उतरलात का?" मागं बायांचा गलका ऐकू येत होता.

मी गळा साफ केला. सव्वीस जानेवारीचा आवाज काढला.

"न्हाई काकू. आमी अजून हैदराबादलाच हाओत. विमान लेट हाय. चार-पाच तास तरी लागतील म्हणायलेत."

"अगं बाई! कामून?"

"हवा खराब हाय."

"इथं तर लख्ख ऊन पडलंय की."

"वरची हवा, काकू. वरची."

"आसं व्हय. वरचं आपल्याला काय कळतंय." काकूंनी तिकडं तोंड करून सांगितलं, "विमान लेट हाय गं! दिवस मावळंल." मग मला म्हणाल्या, "मंग आमी तवर बाजार करून येतोत. तुझ्या आईला सांगते. दोन दिवस झालं, धड जेवली न्हाई ती. जरा पडू दे तिला."

फोन ठेवला तर मामा तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत होते. पप्पांनीही ऐकलं होतं. मला वाटलं, आता बसते एक. पण त्यांनी ताईची पिशवी उचलून जीपमध्ये ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बाजारातून नको घेऊ. मागच्या रस्त्यानं घे."

पूर्णा गेली. रस्त्याच्या कडेला तुरीचे खुंट उभे होते. ताईनं माझा हात धरला होता आणि तिची बोटं हळूहळू सैल होत होती. मला वाटलं, जमलं. मी एवढी खूश होते, तिच्यासाठी आणि थोडी माझ्यासाठीसुद्धा.

गल्ली रिकामी होती. बाजाराचा दिवस, सगळे तिकडं. ओट्यावर बायांनी बसायला टाकलेली सतरंजी तशीच पडलेली होती, एक तांब्या, दोन पेले. मामा आणि पप्पा जीपपाशीच थांबले. दार नुसतं लोटलेलं. ताईनं चपला काढल्या आणि दार ढकललं.

आई पडलेली नव्हती. ती उजेडाला, खिडकीखाली बसली होती. मांडीवर ते दुपटं होतं. हातात पप्पांचं टाके काढायचं पातं. लाल काठ अर्धा उसवून झाला होता आणि कुंचीचे तर नुसते तुकडे राहिले होते, शेजारी घडी करून ठेवलेले. तीन आठवडे तिला ते करवलं नसणार. लेक यायच्या आत घरातून ते नाहीसं करायचं होतं, आणि आज अचानक तिला चार-पाच तास जास्तीचे मिळाले होते. माझ्यामुळं.

आईनं वर पाहिलं. "विमान तर लेट…" एवढंच म्हणाली. मग तिनं ते सगळं पदराखाली ओढून घेतलं, पण दुपटं मोठं होतं. हिरव्या ठिपक्यांचं एक टोक बाहेर राहिलं.

माझा आवाज कुठं गेला काय माहीत. ताई हळूहळू पुढं गेली आणि आईसमोर खाली बसली. ते टोक तिनं बोटांत धरलं.

"माझा फ्रॉक ह्यो," ती म्हणाली. "चौथीतला."

"व्हय."

"नको उसवूस, आई."

"बरं."

आईनं पदर बाजूला केला. ताईनं दुपटं ओढून छातीशी घेतलं, उसवलेल्या काठाचे दोरे लोंबत होते, आणि मग तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकलेला नव्हता. ती रडली. हेल काढून रडली, कस्तुराकाकूंपेक्षा मोठ्यानं. "माझी सोनी गं," म्हणाली. "माझी सोनी, माझी सोनी." नाव तिनंच ठेवलं. आईनं तिला दुपट्यासकट मांडीत घेतलं.

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. ओट्यावर दाराला पाठ लावून बसले. ताईच्या चपला समोरच होत्या, त्या उचलून माझ्या मागं ठेवल्या. आतून सगळं ऐकू येत होतं. दार पातळ आहे आमचं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. गल्लीच्या तोंडाशी कस्तुराकाकू दिसल्या, हातात बाजाराची पिशवी. मागं आणखी बाया, बोलत बोलत येणाऱ्या. काकू पुढं आल्या आणि मला बघून थबकल्या.

"पिंके? तू कशी काय? आलं का लेकरू?"

मी त्यांच्याकडं बघून म्हणाले, "न्हाई काकू. विमान लेट हाय."

आत ताई रडतच होती. काकूंनी दाराकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग माझ्या मागं, जिथं एका चपलेचा पट्टा दिसत होता. त्यांचे हात आपोआप पुढं झाले, गळ्यात घ्यायला होतात तसे. ते त्यांनी पदरात गुंडाळून घेतले.

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. "बरं. आलं की सांग."

पिशवीतून मेथीची एक जुडी काढून त्यांनी माझ्याजवळ ओट्यावर ठेवली. मग मागं वळून, येणाऱ्या बायांना दोन्ही हातांनी अडवत, मोठ्यानं म्हणाल्या, "चला गं मागं. विमान यायचंय अजून."